उमेदवाराला ५० केबी, मग कार्यालयाला किती?

प्रति,
खान्देशातल्या बाजार समित्या, नगरपालिका, ग्रामपंचायती, शाळा-महाविद्यालयं आणि सहकारी संस्थांच्या वेबसाइट सांभाळणारी सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

शहाद्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबारा, भरतीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं चालतं. जोडीला दोन-तीन संस्थांच्या वेबसाइटवर नोटिसा आणि फोटो चढवण्याचं कामही माझ्याकडे असतं. काउंटरच्या आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मला दिसतं, म्हणून हे पत्र.

अर्ज भरणाऱ्याला आपली व्यवस्था किती काटेकोर वागवते ते तुम्ही जाणताच. बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज घ्या. फोटो २० ते ५० केबीमध्ये बसला पाहिजे, सही १० ते २० केबीमध्ये. फोटोची मापं २०० बाय २३० पिक्सेल, फाइल जेपीजी. एखादा केबी जास्त झाला की अर्ज पुढे सरकत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पोरापोरींना ही मापं तोंडपाठ आहेत. एखाद्याने आयफोनवर फोटो काढून आणला तर फाइल हेइक नावाच्या वेगळ्या प्रकारात निघते (२०१७ पासून आयफोन तशीच साठवतो), ती आधी जेपीजी करावी लागते, मग कापावी लागते, मग दाबावी लागते. या अटींबद्दल माझं काही म्हणणं नाही. लाखो अर्ज येतात, सर्व्हरवर जागा लागते, अट हवीच.

पण तोच मुलगा निकालाची यादी बघायला एखाद्या संस्थेच्या वेबसाइटवर जातो तेव्हा यादी म्हणून काय मिळतं? भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो, थोडा तिरका, कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, वजन सहा एमबी. उमेदवाराला लावलेल्या ५० केबीच्या अटीच्या सुमारे १२० पट. तो फोटो चढवणाऱ्याला कोणी अडवलं नाही, कारण त्याच्यासाठी अटच नाही.

माझी मागणी सरळ आहे. जी शिस्त तुम्ही फॉर्म भरणाऱ्याकडून मागता, ती स्वतःच्या वेबसाइटला लावा. ५० केबी नको, मी उदार होतो: एक फोटो २०० केबीच्या आत, आणि अख्खं मुखपृष्ठ एक एमबीच्या आत. नेहमीच्या बातम्या, नोटिसा आणि फोटोंना एवढं पुरून उरतं.

आता हे का, ते थोडं आकड्यांत बघू. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचं वजन मेगाबाइटमध्ये. एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट. सहा एमबीचा फोटो दोन एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटच्या, नेटवर २४ सेकंद घेतो. मुखपृष्ठावर सरकणारे पाच फोटो असतात, तुमच्या भाषेत स्लाइडर. प्रत्येकी चार एमबी धरले तर २० एमबी झाले, म्हणजे ८० सेकंद. ऑफिसात फायबरच्या लाइनवर हे पान डोळ्याची पापणी लवते तोवर उघडतं, आणि तिथेच सगळी फसगत होते. फोटो चढवणारा फायबरवर बसलेला असतो आणि बघणारा धडगावच्या एखाद्या पाड्यावर, एकच काडी रेंज असलेल्या जागी, दिवसाचा डेटा संपत आलेला फोन घेऊन. सातपुड्याच्या त्या बाजूला दोन एमबीपीएस मिळाला तर मी त्याला चांगला दिवस म्हणतो. "भाऊ, मन्हा मोबाईलमा हाई उघडत नही," हे वाक्य माझ्या दुकानात रोज येतं. फोनमध्ये बिघाड नसतो. पान जड असतं.

वजन कमी कसं करायचं, याविषयी आपल्याकडे एक अर्धवट सल्ला फिरतो: "वेबपी करून टाका." वेबपी म्हणजे फोटो साठवण्याचा एक हलका फॉरमॅट. सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या पायरीचा आहे. फोटोचं वजन दोन गोष्टींवर ठरतं, पिक्सेल किती आहेत आणि ते कोणत्या पद्धतीने बांधले आहेत. पहिली गोष्ट सोडून दुसरीच्या मागे लागलं तर हाती फार लागत नाही.

हल्लीच्या साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर कच्चा माल ३६ एमबीचा. जेपीजी त्याला दाबून तीन ते पाच एमबीवर आणतो, हीच मोठी करामत आहे. पण बघणाऱ्याच्या फोनचा पडदा रुंदीला ७२० किंवा १०८० ठिपक्यांचा असतो. चार हजार ठिपके रुंद फोटो त्याच्याकडे पोचतो, फोन त्यातले बहुतेक टाकून देतो, आणि डेटा मात्र सगळ्याचा कापला जातो. केळीचा घड दिल्लीला पाठवताना रावेरचा कोणी शेतकरी तो खांबासकट ट्रकमध्ये भरत नाही. फोटो आधी १२०० पिक्सेल रुंद करा. १२०० बाय ९०० म्हणजे १० लाख ८० हजार ठिपके, मूळच्या अकराव्या हिश्श्याइतके. फॉरमॅटला हात लावण्याआधीच बहुतेक काम झालं.

आता फॉरमॅट.

जेपीजी, म्हणजे जेपेग, १९९२ सालचं प्रमाण आहे आणि तेही मुळात फोटोंसाठी. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, उजेड आणि रंग वेगळे करतं, आणि डोळ्याला फारसं कळत नाही ते टाकून देतं. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून रंगाची माहिती सहसा रुंदी आणि उंची दोन्हींत निम्मी केली जाते. नंदुरबारच्या पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा फोटो घ्या. सगळा लाल, पण हजार छटांचा, कुठेही सरळ धारदार रेघ नाही. सेव्ह करताना क्वालिटी १०० पैकी ७५ ठेवून जेपीजी करा, मिरचीला काही होत नाही.

त्याच क्वालिटीला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पिवळा फ्लेक्स करून बघा, ज्यावर लाल अक्षरांत नाव आहे. अक्षरांच्या कडा फुटतात, लाल रंग पिवळ्यात उतरतो, शिरोरेषेच्या खाली राखाडी मुंग्या आल्यासारखं दिसतं. कारण अक्षर म्हणजे सगळी धारच धार, आणि रंगाची माहिती निम्मी केल्याचा सगळा फटका त्या धारेवर बसतो. वेबपीच्या दाबणाऱ्या प्रकारातही रंग असाच निम्मा होतो, त्यामुळे फ्लेक्सला तोही वाचवत नाही.

आपल्या लिपीला याचा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त. इंग्रजीत एखाद्या अक्षराची कड फुटली तरी शब्द ओळखता येतो. आपल्याकडे अनुस्वार म्हणजे दोन-तीन ठिपके, रफार म्हणजे पातळशी कमान, आणि दाबलेल्या चित्रात पहिले तेच जातात. आकड्यांचं तर विचारूच नका. देवनागरी १ आणि ९ यांच्यात एका वळणाचा फरक. भावफलकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दोनदा फिरून आला की क्विंटलला ७,१०० होते की ७,९००, हे सांगता येत नाही. मिरची घेऊन गाडी काढायची की थांबायचं, हे त्या वळणावर ठरतं. अशी भावाची चित्रं मी एका बाजार समितीच्या वेबसाइटवर पाहिली आहेत. समितीचं नाव घेत नाही, कारण ती एकटी नाही.

अक्षरं, नकाशे, तक्ते, शिक्के, स्क्रीनशॉट यांच्यासाठी पीएनजी. हा फॉरमॅट १९९६ मध्ये पक्का झाला. त्याआधी सगळे जिफ वापरायचे, पण जिफच्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट निघालं आणि पैशांची मागणी सुरू झाली, म्हणून लोकांनी मोकळा पर्याय उभा केला. पीएनजी काही टाकून देत नाही, ठिपका न् ठिपका जसाच्या तसा परत देतो. म्हणूनच फोटोसाठी तो नको: मिरचीचा तोच फोटो पीएनजी केला तर कित्येक पटींनी फुगतो. मला संस्थांकडून "क्वालिटी चांगली राहावी म्हणून" पीएनजीमध्ये पाठवलेले कार्यक्रमाचे फोटो येतात, एकेक १५-१५ एमबीचे. चांगल्या हेतूने केलेला अत्याचार म्हणतात तो हाच.

वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला आणि त्यात दोन्ही सोयी आहेत, फोटोसाठी दाबणारा प्रकार आणि अक्षरांसाठी जसंच्या तसं ठेवणारा प्रकार. गूगलच्याच मोजणीनुसार सारख्या दर्जाला पहिला प्रकार जेपीजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान पडतो आणि दुसरा पीएनजीपेक्षा २६ टक्के. कंपनीने स्वतःच्या मालाचं केलेलं माप आहे, थोडं सवलतीने घ्या. माझ्या कामातही फरक पडतो, कधी त्याहून कमी, कधी जास्त. ब्राउझरची काळजी आता नको. क्रोमला वेबपी फार आधीपासून चालतो, फायरफॉक्सने २०१९ मध्ये घेतला, सफारीने २०२० मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकरसुद्धा वेबपीच असतात, म्हणजे ज्यांना हा नवा आणि अवघड वाटतो ते रोज सकाळी त्यातच गुड मॉर्निंग करतात.

त्याहून नवा एव्हिफ, २०१९ चा. बहुतेक फोटोंत तो वेबपीपेक्षाही लहान पडतो, पण बनवायला वेळ घेतो. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर ढीगभर फोटो एव्हिफ करायला लावले तर चहा पिऊन यावं लागेल. बघण्याची अडचण मात्र नाही: विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९ वा, त्यालाही एव्हिफ कळतो. तरी तुम्हाला माझा सल्ला वेबपीचा. ज्या ऑफिसात एकच क्लार्क आस्थापना, आवक-जावक आणि वेबसाइट तिन्ही बघतो, तिथे जो सगळीकडे एका क्लिकवर जमतो तोच चांगला.

एका ठिकाणी जुन्या जेपीजीची बाजू घेतो. त्याचा प्रोग्रेसिव्ह नावाचा प्रकार आहे. सेव्ह करताना खूण करायची असते. रेंज कमी असली की असा फोटो आधी पूर्ण पण धूसर दिसतो आणि मग हळूहळू स्पष्ट होतो. वेबपी तसं करत नाही, वरून खाली उतरत जातो. डोंगरात बघणाऱ्याला धूसर का होईना, आख्खं चित्र लगेच दिसणं बरं वाटतं. वजन थोडं जास्त असलं तरी एखाद्या मोठ्या फोटोला मी अजून तोच वापरतो.

संस्थेचं बोधचिन्ह फोटो नाही, रेघा आणि रंग आहेत. ज्याने ते मूळ कोरलवर काढलं त्याच्याकडून एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा साठवणारी फाइल, मागून घ्या. काही केबींत काम होतं आणि कितीही मोठं केलं तरी फुटत नाही.

आता खरं दुखणं. तुमच्या वेबसाइटवरच्या निम्म्या चित्रांना चित्र असण्याचं कारणच नाही. ती नोटीस असते. परिपत्रक असतं. लिलावाची तारीख, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, प्रवेशाची मुदत. आधी ती संगणकावर टाइप होते, मग छापली जाते, साहेबांची सही होते, शिक्का बसतो, मग मोबाइलने तिचा फोटो निघतो आणि तो वेबसाइटवर चढतो. अक्षरांचे ठिपके करायचे आणि मग ते ठिपके हलके कसे करायचे याची चिंता करायची. दीड हजार अक्षर-मात्रांची नोटीस युनिकोडमध्ये थेट पानावर लिहिली तर साडेचार केबी होते, कारण देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. साडेचार केबी! तीच नोटीस ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केली तर २४८० बाय ३५०८, म्हणजे ८७ लाख ठिपके, कच्चा माल २६ एमबी. त्याला वेबपी करा, एव्हिफ करा, काहीही करा, साडेचार केबीला गाठता येणार नाही.

आणि वजनाशिवायही नुकसान आहे. चित्रातली नोटीस गूगलवर नीट सापडत नाही. ज्याला दिसत नाही त्याचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. तारीख कॉपी करून कोणाला पाठवता येत नाही. सरकारी वेबसाइटसाठीच्या जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. मजकूर सगळ्यांना वाचता आला पाहिजे आणि चित्राला पर्यायी मजकूर असला पाहिजे, हे त्यांत आहेच. नवं काही मी मागत नाही.

हे का होत नाही तेही ठाऊक आहे. अनेक ऑफिसांत टायपिंग अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये चालतं. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की वेडीवाकडी अक्षरं उमटतात, म्हणून मग फोटो. युनिकोडमध्ये टाइप करायची सवय लावली तर हा अख्खा प्रश्न मुळातून जातो. ज्यांना कीबोर्ड बदलायचा नाही त्यांच्यासाठी जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत. ते जोडाक्षरात मधूनच चुकतात, एकदा नजर टाकावी लागते.

सही-शिक्क्याची प्रत लागतेच असं म्हणाल. जरूर लावा, मजकुराच्या खाली दुवा म्हणून. पण स्कॅनरच्या सेटिंगमध्ये रंगीत ऐवजी ब्लॅक अँड व्हाइट निवडा. रंगीत ठिपक्याला २४ बिट लागतात, काळ्या-पांढऱ्याला एक. २६ एमबीचा कच्चा माल सरळ ११ लाख बाइटवर येतो, आणि पीडीएफ बनताना तो आणखी दाबला जाऊन साध्या पानाचे पाचपन्नास केबी उरतात. जांभळा शिक्का मजकुरावरच बसला असेल तर काळ्या-पांढऱ्यात दोन्ही मिळून डाग होतो. अशा वेळी राखाडी निवडा, १५० डीपीआय पुरे. फोटो पीडीएफमध्ये घातला म्हणजे हलका झाला हा गैरसमजही काढून टाका. आत फोटो तोच, वर फक्त वेष्टन. विकास आराखड्याच्या नकाशासारखी अवाढव्य गोष्ट असेल तर वेबपीचा आग्रहही सोडा. एका बाजूला १६,३८३ पिक्सेलपेक्षा मोठं चित्र तो घेतच नाही. मूळ ड्रॉइंगवरून बनवलेली पीडीएफ द्या आणि पानावर तिचं छोटं चित्र.

फोटो बदलायला काय वापरायचं? मोबाइलवर किंवा पीसीवर ब्राउझरमध्ये स्कूश नावाचं गूगलच्या क्रोम टीमचं मोफत साधन आहे. डावीकडे मूळ, उजवीकडे हलकं, मध्ये सरकणारी पट्टी, खाली वजन दिसतं. त्याचा मोठा गुण असा की फोटो तुमच्या मशीनबाहेर जात नाही, सगळं ब्राउझरमध्येच होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. "फ्री ऑनलाइन कन्व्हर्टर" असं शोधून पहिली मिळेल ती साइट उघडायची आणि त्यात लोकांची आधार कार्डं, सह्या, जातीचे दाखले टाकायचे, हे माझ्याच धंद्यात सर्रास चालतं. त्या साइटच्या पलीकडे कोण बसलंय हे टाकणाऱ्याला माहीत नसतं. एकदम शंभर फोटो असतील तर विंडोजवर आयर्फानव्ह्यूचं बॅच कन्व्हर्जन आहे, आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला न घाबरणाऱ्यांसाठी इमेजमॅजिक.

नाव बदलणं म्हणजे फॉरमॅट बदलणं नव्हे. फाइलच्या शेपटाला जेपीजीच्या जागी वेबपी लिहिलं तर आतला माल तोच राहतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण अशी "कन्व्हर्ट केलेली" फाइल मला संस्थांकडून आली आहे, म्हणून लिहिलं.

फोनने काढलेल्या फोटोत दिसत नाही अशी माहिती भरलेली असते: तारीख, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. आश्रमशाळेतल्या मुलींच्या स्नेहसंमेलनाचे फोटो किंवा घरकुलाच्या लाभार्थ्याच्या दारातला फोटो तसाच चढवला तर ती जागाही जगाला कळते. वेबपी करताना ही माहिती काढून टाकता येते आणि काढायलाच हवी. फक्त एक खुबी लक्षात ठेवा. फोटो उभा की आडवा, हेही त्याच माहितीत लिहिलेलं असतं. आधी फोटो फिरवून सरळ करा, मग माहिती काढा. नाहीतर अध्यक्ष महोदय आडवे पडलेले दिसतील आणि दुपारी फोन येईल.

मूळ फोटो कधीही पुसू नका. जेपीजी आणि दाबणारा वेबपी दर वेळी सेव्ह करताना काहीतरी टाकतात, आणि टाकलेलं परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून उतरवलेला फोटो बॅनरमध्ये घातला, बॅनरचा स्क्रीनशॉट काढला, तो वेबसाइटवर चढवला, तिथून कोणी पुन्हा उतरवला: पाचव्या हाताला पोचेपर्यंत माणसाच्या चेहऱ्याची गोधडी होते. फोटोग्राफरकडून मूळ फाइल घ्या, व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागा, ती एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि वेबसाइटसाठी हलकी प्रत तिच्यावरून बनवा. धुळ्यात राजवाडे मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. मूळ कागदाचं मोल आपल्याला परक्या कोणी सांगायला नको. चाळीसगावात राहून टेबलटॉप छायाचित्रणात नाव मिळवणारे केकी मूस आपलेच. तुमच्याकडे जुने दस्त, पोथ्या, संस्थेच्या स्थापनेचे फोटो स्कॅन करायचे असतील तर मूळ प्रत टिफमध्ये, काहीही न टाकता, आणि लोकांना बघायला वेबपी. एकच प्रत दोन्ही कामांना वापरायला गेलात की एकतर वेबसाइट बुडते नाहीतर इतिहास.

यापुढचं थोडं तुमची वेबसाइट बनवणाऱ्या पोरांसाठी. खान्देशातल्या बऱ्याच संस्थांच्या वेबसाइट वर्डप्रेस या तयार साधनावर चालतात. त्याला वेबपी २०२१ च्या ५.८ या आवृत्तीपासून चालतो, एव्हिफ २०२४ च्या ६.५ पासून. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो तो २०१९ पासून आपणहून लहान करतो, आणि पडद्याप्रमाणे योग्य आकार निवडायची सोयही देतो. मग पान जड का? कारण विकत घेतलेला थीम किंवा स्लाइडर ती सोय डावलून सगळ्यांत मोठी प्रत उचलतो. तिथे "फुल" च्या जागी "लार्ज" निवडा, निम्मं दुखणं जातं. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचणारा तिथवर पोचेल तेव्हाच ते उतरतील. पण पहिल्याच मोठ्या फोटोला लावू नका, तो उलट उशिरा येतो. गूगलच्या मोजपट्टीत पानावरची सगळ्यांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे, आणि ती बहुतेक वेळा हाच फोटो असते. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची लिहून ठेवा. नाहीतर काय होतं, ते माझ्या काउंटरवर रोज दिसतं: "अर्ज करा"वर बोट टेकवायला जावं, तेवढ्यात वरून बॅनर उतरावा, पान खाली सरकावं आणि बोट भलत्याच दुव्यावर पडावं. आणि तो स्लाइडर मुळात लागतो का, हेही एकदा विचारा. सत्काराचे पाच फोटो आपोआप सरकत राहावेत, अशी मागणी वाचणाऱ्याकडून आलेली मी तरी ऐकलेली नाही. ती कुठून येते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

हे सगळं एका क्लार्कच्या किंवा एका उत्साही शिक्षकाच्या भरवशावर सोडलं तर त्यांची बदली होईपर्यंत चालेल. म्हणून ते कागदावर आणा. वेबसाइटच्या वार्षिक देखभालीचा करार दर वर्षी नूतनीकरणाला येतो आणि बहुधा मागच्या वर्षीचाच मजकूर तारीख बदलून सही होतो. यंदा त्यात या ओळी घाला: "मुखपृष्ठाचं एकूण वजन १ एमबीपेक्षा जास्त नसावं. कोणतंही छायाचित्र १२०० पिक्सेलपेक्षा रुंद आणि २०० केबीपेक्षा जड नसावं. सर्व सूचना युनिकोड मजकुरात द्याव्यात, स्वाक्षरीची प्रत सोबत जोडावी. छायाचित्रांतील स्थानविषयक माहिती काढलेली असावी. मूळ छायाचित्रं संस्थेकडे स्वतंत्र जतन करावीत." बिल काढण्याआधी कोणीतरी ऑफिसचं वायफाय बंद करून, स्वतःच्या मोबाइल डेटावर, शक्यतो तालुक्याच्या गावाबाहेर जाऊन वेबसाइट उघडून बघावी, एवढी अट शेवटी जोडली तर उत्तमच. आणि चढवण्याच्या पॅनलमध्येच फोटोंना २०० केबीची मर्यादा घालून घ्या. वर्डप्रेसवाल्याला ते थोड्या वेळाचं काम आहे. सहा एमबीचा फोटो टाकायला गेलं की "फाइल फार मोठी आहे" अशी लाल ओळ येईल. आमच्या पोरांना ती ओळ चांगली ओळखीची आहे.

शहादा, तळोदा, धडगाव या बाजूच्या कोणत्याही संस्थेला हे प्रत्यक्ष करून बघायचं असेल तर रविवारी दुपारनंतर माझं दुकान मोकळं असतं. तुमचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन या, मूळ फाइल आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नकोत. पैसे घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शहाद्याचा एक फॉर्मवाला